दादा, लेग्बा आणि बेनिनचे सात दिवस

बेनिनला जायचं ठरलं तेव्हा घरच्यांनी दोनच प्रश्न विचारले. एक, "हे कुठं आलं?" आणि दुसरा, "म्हणजे ते बाहुलीला टाचण्या टोचतात तेच ना?" पहिल्याचं उत्तर सोपं होतं. पश्चिम आफ्रिकेत, टोगो आणि नायजेरिया यांच्या मधोमध, समुद्राला अगदी चिंचोळी कड टेकवलेला देश. दुसऱ्याचं उत्तर परत आल्यावर मिळालं: जग ज्याला 'वूडू' म्हणतं तो तिथला देवधर्म, व्होडून, आम्ही सात दिवस बघितला आणि बाहुली कुठंही टोचलेली दिसली नाही.

मी पुण्यात फ्रेंच शिकवते. बेनिनचा सरकारी कारभार फ्रेंचमध्ये चालतो, म्हणून मी बिनधास्त होते. सोबत आला दादा. तो कोल्हापूरचा, चाळीस वर्षं छापखाना चालवलेला. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि दिवाळीच्या आधी देवादिकांची कॅलेंडरं. वहिनी म्हणाली, "मला ते भुताखेतांचं नको, तुम्ही दोघं जा." दादाला फ्रेंचचं अक्षर येत नाही. त्यामुळं सात दिवस मी दुभाषी आणि तो यजमान, अशी आमची वरात निघाली.

जाणाऱ्यांसाठी आधीच सांगून टाकते. व्हिसा ऑनलाइन मिळतो. पिवळ्या तापाची लस आणि तिचं पिवळं कार्ड नसेल तर विमानतळावरच अडाल. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू कराव्यात. युरो रोख न्यावेत; तिथला सेफा फ्रँक युरोशी कायमचा बांधलेला आहे, एका युरोला साधारण ६५६. इंग्रजीवर भिस्त ठेवू नका.

पहिला दिवस : कोतोनू

अदिस अबाबामार्गे कोतोनूला उतरलो तेव्हा दुपार कलली होती आणि सूर्याकडं उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं. स्टीलच्या ताटलीसारखा पांढरट. मला वाटलं धुकं. दादानं खिडकीच्या काचेवरून बोट फिरवून मला दाखवलं. "धुकं कसलं, धूळ आहे ही." हरमाटन. डिसेंबर-जानेवारीत सहाऱ्यावरून येणारा कोरडा वारा. ओठ फुटतात, नाकात पापुद्रे धरतात. खोबरेल तेलाची बाटली नेली होती, ती सगळ्यात उपयोगी वस्तू ठरली.

रस्त्यावर मोटारसायकलींचा पूर. पिवळा सदरा घातलेले झेमिजानवाले, म्हणजे दुचाकी टॅक्सी. तिथल्या 'फोन' नावाच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'मला झटकन घेऊन चल' असा काहीसा. कडेला टेबलांवर मोठमोठ्या काचेच्या बरण्यांत सोनेरी द्रव. दादा म्हणाला, "एवढा मध?" ते पेट्रोल होतं. नायजेरियातून चोरटं येणारं, त्याला 'क्पायो' म्हणतात.

पोरं आमच्यामागं "योवो, योवो" करत पळाली. योवो म्हणजे गोरा, परका. हे भाषांतर ऐकून दादा रस्त्यातच थांबला. "सत्तरी आली माझी. आज पहिल्यांदा मला कुणी गोरा म्हणालं."

रात्री अमिवो खाल्लं. टोमॅटो, लाल पामतेल आणि कोंबडीच्या रश्श्यात घोटलेलं मक्याचं पीठ, वर तळलेला मासा. आपल्या तिखट उकडीची आठवण झाली. दादानं पिशवीतून कांदा-लसूण चटणीची पुडी काढली. वाढणाऱ्या बाईंनी ती चाखली, विचार केला, आणि आतून त्यांच्या मिरचीची वाटी आणून आमच्यासमोर ठेवली. त्यानंतर चटणीची पुडी घरी येईपर्यंत उघडली नाही.

दुसरा दिवस : आबोमे

सकाळी वाटाड्या आला. चाळिशीचा, वीदा गावचा, गळ्यात क्रूस. दादाच्या पांढऱ्या केसांकडं बघून त्यानं त्याला 'पापा' म्हणायला सुरुवात केली आणि मला 'मादाम'. वाटेत भात-चवळीचं अतासी आणि वर तळलेलं वागासी, म्हणजे फुलानी गुराख्यांचं चीज. पनीरच, पण जास्त खारट आणि चिवट.

आबोमेपर्यंत दीडशे किलोमीटरच्या आत अंतर, पण वेळ भरपूर जातो. धुळीनं करपलेली झाडं बघत मी विचारलं, "पाऊस कधी?" त्यावर त्यानं गोष्ट सांगितली.

माऊ ही सगळ्यांची आई. ती चंद्र, तिचा जुळा लिसा हा सूर्य. दोघांचं मिळून एकच नाव, माऊ-लिसा. पोरांची वाटणी करताना तिनं थोरल्याला पृथ्वी दिली. तो सगळी दौलत पोत्यात भरून खाली आला. आग आणि पाणी तेवढं पोत्यात मावेना. ते वर राहिलं धाकट्याकडं, हेव्हिओसोकडं. तो वीज-गडगडाटाचा धनी. त्यानं पाऊस अडवला. तीन वर्षं थेंब नाही. शेवटी थोरल्यानं वुतुतु नावाच्या पक्ष्याकडून वर निरोप धाडला, की बाबा, सगळं तुझं. तेव्हा पाऊस पडला. म्हणून त्या पक्ष्याला कुणी मारत नाही.

दादाला मराठीत सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे सातबारा एकाच्या नावावर आणि पाटाची चावी दुसऱ्याकडं." मी जन्मभर फ्रेंच शिकवत आले, सातबाऱ्याला शब्द सापडला नाही. कसंबसं सांगितलं, तर वाटाड्या स्टिअरिंगवर थाप मारून हसला.

एक लक्षात आलं. गोष्ट सांगताना त्यानं थोरल्याचं नाव घेतलं नव्हतं. 'जमिनीचा मालक' एवढंच. मी पुस्तकी उत्साहात म्हणाले, "साक्पाता ना?" त्यानं काच वर केली आणि हळू आवाजात सांगितलं, की कोरड्या दिवसांत ते नाव मोठ्यानं घेऊ नये. साक्पाता जमिनीतून धान्य देतो, आणि रागावला की तेच दाणे माणसाच्या अंगावर उठवतो. तो देवीच्या रोगाचा देव.

मग मी त्याला सांगितलं, की आमच्या भाषेत त्या रोगाचं नावच 'देवी'. देवी आल्या, देवी टोचल्या. रोग असं आम्ही म्हणतच नाही. त्यानं गाडीचा वेग कमी केला. दादानं बाही वर करून दंडावरचे दोन गोल व्रण दाखवले. "माझ्या आईच्या दंडावर असेच आहेत," वाटाड्या म्हणाला. रोग जगातून गेल्याचं १९८० साली जाहीर झालं. मी विचारलं, मग आता देवाचं काय? त्याला माझा प्रश्नच कळला नाही. जमीन आहे ना अजून, मग मालक कुठं जाईल?

आबोमे ही जुन्या दाहोमे राज्याची, फ्रेंच येण्याआधीच्या इथल्या राज्याची, राजधानी. राजवाड्यांचा मातीचा परिसर १९८५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. भिंतींवर उठावाची रंगीत चित्रं: गेझोची म्हैस, ग्लेलेचा सिंह, बेहांझिनचा शार्क. प्रत्येक राजाचं आपलं एक चिन्ह. फ्रेंचांनी नेलेल्या वस्तूंपैकी सव्वीस वस्तू नोव्हेंबर २०२१ मध्ये परत आल्या. लोखंडाच्या देवाची, गुची प्रसिद्ध मूर्ती मात्र अजून पॅरिसच्या लुव्हरमध्येच आहे. हे सांगताना वाटाड्याचा आवाज कोहिनूरविषयी बोलणाऱ्या आपल्या माणसांसारखा झाला.

इथंच कळलं की देवांचंही राजकारण होतं. माऊ आणि लिसा मुळात आबोमेचे नव्हेतच. अठराव्या शतकात तेग्बेसू राजाची राजमाता ह्वांजिले हिनं ते पश्चिमेकडच्या 'आजा' नावाच्या मुलखातून आणले आणि वर बसवले. आणि साक्पाताच्या पुजाऱ्यांना दाहोमेच्या राजांनी राजधानीतून हाकललं होतं. 'जमिनीचा राजा' असं बिरुद एका गावात दोघांना कसं चालणार?

संध्याकाळी गाडीचा पट्टा बदलायला गॅरेजात थांबलो. दाराशी गंजलेले नट, साखळ्या, गिअरचे दात यांचा ढीग, त्यावर पिसं आणि तेल. मला भंगार वाटलं. तो गु होता. लोखंड, लढाई, लोहार, ड्रायव्हर, मेकॅनिक सगळे त्याचे. दादा त्या ढिगासमोर चप्पल काढून उभा राहिला. खंडेनवमीला तो अजून जुन्या ट्रेडल मशीनला झेंडूचा हार घालतो, मशीन बंद पडून वीस वर्षं झाली तरी.

तिसरा दिवस : फाचा कौल

सकाळी एका बोकोनोकडं गेलो. फा म्हणजे इथली कौल लावायची पद्धत, आणि बोकोनो म्हणजे फा बघणारा. ताम्हणासारख्या लाकडी तबकात पांढरट भुकटी पसरलेली. तो सोळा पामबिया एका हातातून दुसऱ्यात झडप घालून घेतो. मागं एक उरते की दोन, यावर भुकटीत बोटानं रेघ उठते. आठ वेळा असं झालं की एक खूण पुरी होते. मूळ खुणा सोळा, त्यांच्या जोड्या २५६, आणि प्रत्येक खुणेखाली गोष्टी, म्हणी, उपाय. हे सगळं पाठ. समोर वही नाही. आधी मी मनात 'पोपटवाला ज्योतिषी' असं म्हणून मोकळी झाले होते. २५६ आकडा ऐकल्यावर तो शब्द गिळला.

प्रश्न बोकोनोला सांगायचा नसतो. नाणं ओठांजवळ धरून त्यातच कुजबुजायचं. दादानं नाणं घेतलं आणि थबकला. "अगं, ह्याला मराठी कळतं का विचार." मी विचारलं. बोकोनो गंभीरपणे म्हणाला, लेग्बा नावाच्या देवाला सगळ्या भाषा येतात, तो पोचवेल.

दादा बराच वेळ नाण्याशी बोलला. उत्तरात एका कासवाची लांबलचक गोष्ट आली आणि शेवटी उपाय: घरी गेल्यावर शेजारच्या लहान मुलांना गोड खायला घाल. प्रश्न काय होता ते त्यानं आजतागायत सांगितलेलं नाही. पोरांना मात्र आल्या आल्या जिलेबी वाटली.

दुपारनंतर वीदाला निघालो. या दोन तासांत सांगण्यासारखं काही नाही, फक्त क्लुई-क्लुई नावाच्या शेंगदाण्याच्या कडक काड्या घ्या. चिवड्याची उणीव भरून निघते.

एक सूचना इथंच देते. फोटो काढण्याआधी विचारा, प्रत्येक वेळी. देवळात, बाजारात, माणसांचा, अगदी रस्त्यातल्या मातीच्या ढिगाचासुद्धा. तो ढीग बहुधा कुणीतरी असतो.

चौथा दिवस : वीदा

वीदाच्या चौकात एका बाजूला बॅसिलिका आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला अजगरांचं देऊळ, समोरासमोर. आत एका गोल खोलीत पन्नासेक अजगर, बॉल पायथन जातीचे, एकमेकांवर वेटोळी घालून निवांत. विषारी नाहीत. दाँ या सर्पदैवताचे हे. दाँ म्हणजे सळसळतं सगळं: साप, इंद्रधनुष्य, नशीब. रात्री त्यांना सोडतात, ते भक्ष्य शोधायला गावात फिरतात, कुणाच्या घरात शिरले तर माणसं अलगद आणून पोचवतात. बत्तीस शिराळ्याजवळ वाढलेल्या आम्हाला याचं फार नवल वाटलं नाही. दादाच्या गळ्यात अजगर घातला, तर तो त्याच्याशी बोलायला लागला.

वाटाड्यानं अजगराच्या देवळातून बाहेर पडल्यावर चर्चकडं तोंड करून क्रूसाची खूण केली. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "पोप जॉन पॉल दुसरे १९९३ मध्ये आमच्याकडं येऊन व्होडूनच्या पुजाऱ्यांशी बोलून गेले. त्यांना चाललं, तुम्हाला का चालत नाही?"

पण हे नेहमीच असं नव्हतं. त्याची आजी सांगायची, सत्तरच्या दशकात राष्ट्राध्यक्ष केरेकूंच्या मार्क्सवादी राजवटीत पुजाऱ्यांच्या मागं सरकार लागलं, पवित्र झाडं तोडली गेली. पुढं नव्वदच्या दशकात राजवट बदलली आणि १० जानेवारी हा व्होडूनचा राष्ट्रीय सण झाला.

दुपारी क्पासेच्या देवराईत गेलो. राजा क्पासे शत्रूच्या हाती न सापडता इरोकोचं झाड झाला अशी कथा. त्या झाडाच्या बुंध्याशी गारवा इतका, की हरमाटन विसरायला झालं. आत देवांचे पुतळे, आणि वाटेच्या तोंडाशी लेग्बा.

लेग्बाची मूर्ती बघून ताई-माई गोंधळतात. मातीचा उंचवटा किंवा बसलेला माणूस, आणि ताठ लिंग, त्यावर ओतलेलं लाल पामतेल. गावागावांच्या वेशीवर, घराच्या उंबऱ्याशी, तिठ्यावर तो असतोच. मी लगेच दादाला म्हणाले, "हा इथला म्हसोबा." तेल म्हणजे शेंदूर, वेस म्हणजे वेस. दादाला तेवढंच पुरे झालं. त्यानं हात पुढं केला, बोटभर तेल घेऊन कपाळाला लावायला. वाटाड्यानं त्याचं मनगट हवेतच धरलं.

"पापा, तो काही तुमचा कुणी नाही. आधी ओळख करून द्यावी लागते."

मला अवघडल्यासारखं झालं. तीन दिवस मी प्रत्येक गोष्टीला आपल्याकडचं नाव चिकटवत होते आणि दादा त्यावर विश्वास ठेवून हात जोडत होता. वाटाड्या मग इरोकोच्या मुळीवर बसला आणि नीट सांगायला लागला. माऊनं पोरांना वाटणी दिली तेव्हा प्रत्येकाला आपापल्या मुलखाची वेगळी भाषा दिली. जमिनीची एक, आभाळाची एक, समुद्राची एक. ती एकमेकांना कळत नाहीत, आणि हळूहळू त्यांना आईची भाषाही येईनाशी झाली. शेंडेफळ लेग्बा. त्याला मुलूख काहीच उरला नाही, पण तो आईजवळ राहिला आणि त्याला सगळ्या भाषा आल्या. म्हणून कुठल्याही देवाकडं जायचं तर पहिला मान लेग्बाचा. तो निरोप नेतो. लबाड आहे, कधी कधी मुद्दाम उलटा निरोप पोचवतो.

"म्हणजे म्हसोबा नव्हे," दादा माझ्याकडं बघून म्हणाला, "तू आहेस ही."

हैतीत गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर हाच लेग्बा समुद्रापार गेला. तिथं तो पापा लेग्बा झाला, काठी टेकत चालणारा म्हातारा. गु झाला ओगू, दाँ झाला दांबाला. सिनेमावाल्यांनी उचललेली झोंबी आणि टाचण्या वगैरे यांच्या घरची नव्हेत, असं वाटाड्याचं म्हणणं. त्याला त्या सिनेमांचा मनापासून राग आहे.

पाचवा दिवस : १० जानेवारी

वीदात खोली मिळणं या दिवसांत मुश्कील. २०२४ पासून सरकारनं सणाभोवती दोन-तीन दिवसांचा मोठा सोहळा उभा केला आहे, त्यामुळं गर्दी वाढलीय. महिनोन्‌महिने आधी खोली घ्या, नाहीतर कोतोनूत राहून पहाटे या. अंतर चाळीसेक किलोमीटर.

गावातून समुद्रापर्यंत चार किलोमीटरची लाल मातीची वाट आहे. गुलामांना याच वाटेनं जहाजांकडं नेलं. वाटेवर पूर्वी एक झाड होतं म्हणतात, पुरुषांना त्याभोवती नऊ आणि बायकांना सात फेऱ्या मारायला लावत, घर विसरावं म्हणून. शेवटी किनाऱ्यावर 'परत न येण्याचं दार', १९९५ मध्ये उभारलेली उंच कमान. सणाच्या दिवशी त्याच वाटेवरून ढोल वाजत जातात. मी चालत गेले. दादाही चालला, एक शब्द न बोलता. कमानीखालून समुद्राकडं मात्र तो गेला नाही. "इकडूनच बरं," म्हणाला.

किनाऱ्यावर प्रत्येक दैवताचं आपापलं रिंगण. पांढऱ्या कपड्यातल्या बायका, खांदे उघडे, गळ्यात मण्यांच्या आणि कवड्यांच्या माळा. ढोलाचा ताल बदलला की एखादीचे डोळे फिरतात, चाल बदलते, आजूबाजूच्या तिला सावरतात, कमरेचं वस्त्र घट्ट करतात. हेव्हिओसोच्या माणसाच्या हातात कुऱ्हाड. ठिपक्याठिपक्यांच्या कपड्यातल्या साक्पाताच्या लोकांना सगळे लगेच वाट देतात. त्या सगळ्यांना 'व्होडूनसी' म्हणतात, देवाची बायको. पुरुष असला तरी सी-च. माझ्या तोंडावर 'जोगतीण' शब्द आला होता, यावेळी आधी विचारलं. तर या बाया महिनोन्‌महिने मठात राहतात, नवं नाव घेतात, देवाची भाषा, नाच, औषधी पाला शिकतात, आणि घरी परत जाऊन संसार करतात. आमच्या शेजारी उभी असलेली एक बाई पोस्टात नोकरीला होती. बरं झालं बोलले नाही.

मग एगुंगुन आले. हे पूर्वज, मेलेले, परत भेटायला आलेले. डोक्यापासून पायापर्यंत टिकल्या, कवड्या, जरी, मखमल यांचे थरावर थर, आत कोण ते दिसत नाही आणि विचारायचंही नाही. आवाज घोगरा, चिरका. त्यांच्या वस्त्राचा स्पर्श जिवंत माणसाला होता कामा नये, म्हणून बरोबर काठ्या घेतलेली माणसं असतात. गिरकी घेतली की कपड्यांचे पट्टे पंख्यासारखे उघडतात. अचानक एक आमच्या रोखानं धावत आला. गर्दी फुटली. पोरं किंचाळत, हसत पळाली. मी दादाला ओढलं आणि त्याची एक चप्पल तिथंच राहिली, एगुंगुनच्या घेरदार वस्त्राखाली. तो हलला तेव्हा काठीवाल्यानं ती चप्पल काठीच्या टोकानं उचलून लांबून टाकली. दादानं पायात घालायच्या आधी ती वाळूत तीनदा आपटली. का, ते त्यालाही माहीत नाही.

इथं पट्टीच्या सँडल घाला. आणि गर्दी पळाली की पळा. मोबाइल सरसावत उभं राहू नका.

सहावा दिवस : ग्राँ-पोपो

टोगोच्या सरहद्दीकडं जाताना ग्राँ-पोपो लागतं. नारळीची झाडं, उसळता समुद्र; पोहू नका, प्रवाह ओढतो. जवळच्या गावात झांगबेतो बघितले. रंगीत गवताच्या गंजीच जणू, माणसाहून उंच, गरगर फिरणाऱ्या. हे रात्रीचे राखणदार. चोर पकडणं, भांडणं मिटवणं यांचं काम. फिरता फिरता गंजी थांबते आणि सोबतचे तिला आडवी करतात. आत कुणी नाही. रिकामं. दादा छापखानेवाला, त्याला यंत्र उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. त्यानं चारी बाजूंनी फेरी मारली, वाळू पायानं चाचपली. "काहीतरी आहे," म्हणाला. काय ते त्याला सापडलं नाही आणि मला शोधावंसं वाटलं नाही.

खरं जे सांगायचंय ते त्यानंतरचं. वाटाड्याच्या ओळखीच्या एक मामी वाताच्या पुजारीण बाई होत्या. मामी वाता म्हणजे पाण्याची देवी: सुंदर, लांब केसांची, अंगावर साप. पैसा देते, पण निष्ठा मागते. बाईंचं घर निळं-पांढरं. आत पावडरचा आणि अत्तराचा वास, आरसे, कंगवे, गोड सरबताच्या बाटल्या, आणि चक्क उदबत्ती. भिंतीवर साप धरलेल्या बाईचं जुनं छापील चित्र. आणि त्याच्या शेजारी, काचेच्या चौकटीत, दत्त.

तीन शिरं, सहा हात, शंख, चक्र, त्रिशूळ, मागं गाय, पायाशी चार कुत्री. आपल्या प्रत्येक वाण्याच्या दुकानात असतो तोच.

दादा काही बोलला नाही. आमची आजी दर पौर्णिमेला एस.टी.नं नरसोबाच्या वाडीला जायची, ह्याला बरोबर घेऊन. तो चौकटीजवळ गेला आणि खालच्या कडेवर नाक टेकवून बघायला लागला. मला वाटलं नमस्कार करतोय. तो छापखान्याचं नाव शोधत होता. चौकट करताना नेमकी ती ओळ कापली गेली होती.

"लिथो दिसतोय," तो पुटपुटला. "की लिथोवरनं ऑफसेट केलाय."

बाईंनी विचारलं, पापांना डेन्सू माहीत आहे का? मी म्हणाले, आमच्याकडं याला दत्तात्रेय म्हणतात. त्यांनी मान हलवली. नाही, हा डेन्सू. मामी वाताच्या गोतातला, पाण्यातला पुरुष. तीन तोंडं म्हणून तिन्हीकडं बघतो, सहा हातांनी देतो. हातात शंख आहे, म्हणजे पाण्यातला नाही का? ब्रह्मा-विष्णू-महेश मी ओठांवर आणले आणि तिथंच ठेवले. लेग्बासुद्धा सगळेच निरोप पोचवत नाही.

दादा मराठीत म्हणाला, "त्यांना सांग, आमच्याकडंबी हा नदीवरच असतोय. कृष्णा-पंचगंगेचा संगम. पावसाळ्यात पाणी देवळात शिरतंय, पार पादुकांवरनं जातंय." मी सांगितलं. बाईंनी पहिल्यांदा दादाकडं नीट बघितलं, उठल्या आणि त्याच्या तळहातावर अत्तर ओतलं.

मग त्यांनी कामाचं काढलं. हे चित्र जुनं झालंय, रंग उडालेत, बाजारात आता असलं मिळत नाही. पापा छापतात ना?

सातवा दिवस आणि नंतर

परतीच्या विमानात दादाची डायरी उघडी होती. ऑर्डर अशी: आडवं नको, उभं. कुत्री चारच. गाय राहू दे. मागची नदी मोठी, जवळजवळ अर्धं चित्र पाणी. पन्नास प्रती, टोगोतल्या बहिणीलाही हव्या आहेत. ॲडव्हान्स घेतला नाही म्हणून मी त्याला ऐकवलं.

पुण्याला आल्यावर मी त्या दुसऱ्या चित्राच्या, सापवाल्या बाईच्या मागं लागले. ते १८८० च्या दशकात जर्मनीतल्या हॅम्बुर्गला छापलेलं, तिथल्या खेळांत काम करणाऱ्या गारुडिणीचं. खलाशांबरोबर ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोचलं आणि मामी वाताचा चेहरा बनलं. पुढं घानातल्या कुमासीच्या व्यापाऱ्यांनी ते पुन्हा छापून मागवलं, आणि १९५५ साली ते काम केलं मुंबईच्या श्रीराम कॅलेंडर कंपनीनं. हजारो प्रती बोटीनं गेल्या. आपले लक्ष्मी, हनुमान, दत्त असेच कॅलेंडरांच्या गठ्ठ्यांतून तिकडं पोचले आणि तिथल्या लोकांनी त्यांना आपापल्या घरात आपापली नावं दिली.

रात्रीच दादाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तिकडं बराच वेळ शांतता. मला वाटलं, भारावलाय.

"त्या कुमासीवाल्यांना," तो म्हणाला, "कागद कुठला दिला होता, ते लिहिलंय का कुठं? खाऱ्या हवेत आर्ट पेपर टिकणार नाही."